चांदणी कुठे लावू?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'शेजारधर्म' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे वेळ आणि रक्कम दोन्ही मोजून वापरायची सवय आहे. मोठी तत्त्वं काही सांगत नाही. आपण मिळून केलेल्या एका कामाबद्दल बोलतो. ते काम म्हणजे दुसऱ्याच्या घरी केलेली नाताळची सजावट, आणि तीसुद्धा महिनाभर आधी.

बी विंगमधले सर आणि टीचर जुन्या सभासदांना माहीत आहेतच. टीचर समोर बसल्या आहेत, त्यांना विचारूनच हे सांगतो आहे. 2013 सालचा नोव्हेंबर. सरांच्या हृदयाचं ऑपरेशन मुंबईला ठरलं होतं. वय सत्तर, त्यात मधुमेह. नंतरही महिनाभर तिकडेच राहावं लागणार होतं. म्हणजे नाताळात घराला कुलूप. सरांनी मात्र धरूनच ठेवलं, "घर सजवल्याशिवाय मी निघणार नाही. परत येणं माझ्या हातात नाही, पण दारातली चांदणी बघून तरी जातो." मुलगी परदेशात, मुलगा थेट हॉस्पिटलवर येणार. टीचरचे गुडघे धरलेले. मग स्टुलावर चढणार कोण?

रविवारी, 17 नोव्हेंबरला, आम्ही आठ-दहा जण त्यांच्या घरी गेलो. नेमकी त्रिपुरी पौर्णिमा होती. तुळशीची लग्नं उरकली होती, गॅलऱ्यांमधले आकाशकंदील अजून उतरले नव्हते, आणि संध्याकाळी गोदाघाटावर दिवे लागायचे होते. कुणीतरी बोललंच, "दिवाळी संपली नाही तोच नाताळ?" सर खुर्चीतूनच म्हणाले, "तुमचा कंदील उद्या उतरेल ना? मग त्याचीच वायर आणि होल्डर आमच्या चांदणीला द्या. तेवढाच खर्च वाचेल." आणि तसंच केलं.

गणपतीची आरास करून करून आपल्या मंडळींचा हात बसलेला, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता. एकाने लुकलुकणाऱ्या माळा आणल्या. सरांना त्याने गरगरायचं, त्यांना स्थिर दिवा हवा होता. दुसऱ्याने थर्माकोलचे खांब आणले, तेही टीचरना नको होते. आमच्या सौ.नी झेंडूचं तोरण नेलं होतं. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "टीचर, हे तुमच्यात चालतं का हो?" टीचर हसल्या, "न चालायला काय झालं? माझ्या आजीच्या दाराला नाताळात झेंडूच असायचा." त्यानंतर कामाची रीतच बदलली. तोवर सगळे "हे इथे लावतो" म्हणत होते, आता "चांदणी कुठे लावू?" असं विचारू लागले. माझ्या मते त्या दिवशीची खरी मदत तिथून सुरू झाली.

मग गोठा मांडला. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या मूर्ती एकेक करून बाहेर आल्या: मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव, तीन ज्ञानी पुरुष. एका उंटाचा पाय मोडला होता, तो मुलांनी फेविकॉलने चिकटवला. सरांचा विषय इतिहास, ते गप्प कसे बसतील? त्यांनी मुलांना सांगितलं की असा गोठा मांडायची प्रथा संत फ्रान्सिस यांच्यामुळे रूढ झाली. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून तो देखावा उभा केला होता. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, हेही मला त्या दिवशीच कळलं.

सगळं मांडून झालं तरी गव्हाणी रिकामी होती. मुलांनी विचारलं, "टीचर, बाळ कुठाय?" टीचरनी कपाटातून एक डबी काढली. आत कापसात ठेवलेला बाळ येशू. त्यांनी तो मुलांना दाखवला आणि डबी परत बंद केली. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, वाट पाहायचे दिवस. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे बाळ गव्हाणीत येतो तो 24 तारखेच्या रात्रीच. एक जण म्हणाला, "या वर्षी आधीच ठेवा ना, सरांना बघायला मिळेल." टीचर क्षणभर सरांकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "घाई आपल्याला आहे. बाळाला नाही." सरांनी मान हलवली. पुढे कोणी आग्रह केला नाही. त्यांचं घर, त्यांचा सण, आणि केव्हा थांबायचं हेही त्यांनीच ठरवायचं.

कुणी म्हणेल, नाशिक म्हणजे रामाचं, गोदावरीचं, कुंभमेळ्याचं गाव. इथे नाताळ कुठला? त्यांना एवढंच सांगतो की ज्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, ते शरणपूर एकोणिसाव्या शतकातल्या ख्रिस्ती वसाहतीचं नाव आहे. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट, जो 1874 साली डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. रेव्हरंड टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 साली. त्यांनी आपला वेळ घेतला, स्वतः विचार केला. 1936 साली त्यांचं निधन झालं तेही नाशकातच. तेव्हा नाताळची चांदणी या गावात परकी नाही.

सर आणि टीचर मुंबईला गेले. निघताना टीचरनी किल्ल्या दिल्या. स्ट्राँगरूमचा नियम असतो, दोन किल्ल्या आणि दोन माणसं. तोच लावला. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी समोरच्या ताईंकडे. रोज संध्याकाळी सहाला चांदणी लावायची, रात्री दहाला बंद करायची. रजिस्टर ठेवलं नव्हतं, पण एक दिवसही खाडा झाला नाही.

24 डिसेंबरला रात्री मुलं जमली. फोन स्पीकरवर ठेवला. टीचरनी हॉस्पिटलजवळच्या खोलीतून प्रार्थना म्हटली आणि सर्वांत लहान मुलीने डबीतला बाळ गव्हाणीत ठेवला. पलीकडून सरांचा बारीक आवाज आला, "ठेवला का नीट?" बस, एवढंच. 4 जानेवारीला ते घरी आले. त्यांच्याकडे 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे ज्ञानी पुरुषांच्या सणापर्यंत, गोठा ठेवतात. त्यामुळे सरांना दोन दिवस मिळाले. ते दोन्ही दिवस त्यांनी खुर्ची गोठ्यासमोरून हलवू दिली नाही.

सर पुढे चार वर्षं आपल्यात होते. सजावटीमुळे ते बरे झाले असं मी म्हणणार नाही, ते श्रेय डॉक्टरांचं. पण टीचरनी नंतर सांगितलं, हॉस्पिटलमध्ये रोज संध्याकाळी सर घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "आता आपल्याकडे दिवा लागला असेल."

मंडळी, सोसायटीचा ताळेबंद दर वर्षी छापतो. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, लिफ्टची दुरुस्ती, सगळं त्यात असतं. हे मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. आज आपल्याकडे कितीतरी घरांत दोघंच म्हातारी माणसं आहेत, काही ठिकाणी तर एकच. मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. गुढी उभारायची, कंदील लावायचा, मखर उतरवायचं, चांदणी टांगायची, प्रत्येक कामात कोणीतरी उंचावर चढावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्टुलावर चढू नये, हे मी अनुभवी ज्येष्ठ या नात्याने सांगतो. म्हणून तरुणांना विनंती आहे. वर्गणी तर द्याच, पण सणाच्या आठ दिवस आधी वरच्या-खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. आत गेल्यावर आपली कल्पना बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, "काकू, कुठे लावू?"

दहा मिनिटं झाली. हिशेब जुळला, खातं बंद करतो. नमस्कार.