सहाचा भोंगा



मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही हातातून सुटला नाही. मुलांच्याच काय, बापाच्याही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने यावर उपाय शोधला, तो 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. मुलं पुस्तक उघडतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. दीड तासाने पुन्हा भोंगा. हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला होता. बायकांनी मात्र मालिकांपुढे वेळ कसा जातो ते सरळ कबूल केलं आणि ठराव उचलून धरला. मला इथे खरं धैर्य बायकांचं दिसतं. आपली सवय आपल्यावर स्वार झालीय, हे चारचौघांत म्हणणं आपल्याकडे पुरुषाला कमीपणाचं वाटतं.

त्याच वर्षी आपल्या धाराशिव जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही हा मार्ग धरला. तिथे वेळ ठरली संध्याकाळी सहा ते आठ.

बांधावर, पारावर रील बघत बसलेल्या तरुणांनो आणि वडीलधाऱ्यांनो, तुमच्या गावात भोंगा नसेलही. आज सहा वाजता फोन देवळीत ठेवा आणि पोराच्या वहीशेजारी जाऊन बसा.