एकाच वाड्यातली माणसं



नाटकात दोन विरुद्ध स्वभावांची माणसं समोरासमोर आली, की कोण जिंकणार याकडेच आपलं लक्ष लागतं. जगायचं कशासाठी, हा प्रश्न त्या झुंजीत मागे पडतो. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त तो मागे पडत नाही, कारण तिथे कुणी जिंकतच नाही.

विजया मेहतांनी 1985 साली हे नाटक रंगभूमीवर आणलं. विदर्भातल्या खेड्यात धरणगावकर देशपांड्यांचा पडका वाडा आहे. वडील, तात्याजी, वारलेत. थोरला भास्कर वाडा धरून बसलाय आणि त्याचा भाऊ सुधीर बायकोला, अंजलीला, घेऊन मुंबईहून आलाय. अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. तेराव्याला गावजेवण तर घालायलाच हवं, पण पैसा कुठून आणायचा?

एक मागे राहिलेला, एक सुटून गेलेला. पण सुटलेल्याची मुंबईतली ओढाताण हळूहळू उघडी पडते, आणि मागे राहिलेल्याचा रुबाब किती पोकळ आहे तेही कळतं. कुणाची बाजू घ्यावी ते ठरवता येत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

त्याहून खोल जातात त्या बायका. वडिलांनी शिकू दिलं नाही म्हणून बहीण प्रभा आतल्या आत जळतेय. भास्करच्या बायकोनं, वहिनीनं, मात्र वाड्याचा सगळा भार मुकाट्यानं खांद्यावर घेतलाय. एका रात्री पिढीजात दागिन्यांची पेटी उघडते आणि वहिनी ते सोनं अंगावर चढवते. दिवसभर राबणारी, चुरगळलेल्या लुगड्यातली ही बाई क्षणभर घराण्याची लक्ष्मी होऊन उभी राहते. प्रभाला ज्या वाड्यानं चिरडलं, त्याच वाड्यानं वहिनीला ही रात्र दिली. मग तो वाडा वाईट म्हणायचा की चांगला? एलकुंचवार उत्तर देत नाहीत. पुढे त्याच दागिन्यांसह घरातली पोर, रंजू, पळून जाते.

आणि चंदू. तिसरा भाऊ. भास्कर बोलतो, सुधीर बोलतो, हा फक्त राबतो. त्या गंजक्या ट्रॅक्टरनं त्याच्या पायाला जखम केलीय. हे नाटक बघताना दोघे भाऊ तावातावानं बोलू लागले, की माझी नजर त्यांच्यावरून ढळते आणि चंदूच्या त्या पायावर जाऊन थांबते.