गॅसची नळी कुणी बदलायची?

(नृसिंहवाडी येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी चहा घेताना एका अक्कांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही समाजकार्य शिकलेल्या. गॅसचं ते गॅसवाला सांगंल की. तुम्ही काय सांगणार?" प्रश्न बरोबर आहे. मी फिटर नाही. पण भाजलेल्या बायकांच्या खाटेशेजारी मी बरीच बसले आहे, आणि तिथूनच या विषयाकडे आले.

एका बाईची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगत नाही. गॅसची नळी उंदरानं कुरतडली होती. तिनं तीनदा नवऱ्याला सांगितलं, नळी बदला. दोनशे रुपयांच्या आतबाहेरची वस्तू. "पगार झाल्यावर बघू." चौथ्या दिवशी पहाटे तिनं काडी ओढली. दोन्ही हात आणि चेहरा भाजला. बाई वाचली. नंतर मी पंचनामा वाचला. त्यात लिहिलं होतं, 'महिलेच्या निष्काळजीपणामुळे'. घरात ज्या एका माणसानं काळजी केली होती, तिच्याच नावावर निष्काळजीपणा लागला.

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. ऐंशीच्या दशकात सुना जळून मरायच्या आणि कागदावर 'स्टोव्हचा भडका' एवढंच असायचं. त्या वेळच्या कार्यकर्त्या विचारायच्या, भडका उडाला तर स्टोव्ह शाबूत कसा? भडका नेमका सुनेच्याच अंगावर कसा? त्या प्रश्नांच्या रेट्यानं १९८३ साली ४९८अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ब आलं. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत तीच कलमं अनुक्रमे ८५ आणि ८० झाली आहेत. आता घरोघरी स्टोव्ह जाऊन गॅस आला. कागदावरचं वाक्य बदललं, 'गॅस गळतीमुळे' असं झालं. म्हणून मी म्हणते, गॅसचं यंत्र आपल्याला कळलं पाहिजे. ते कळल्याशिवाय खरा अपघात कोणता आणि बनाव कोणता, हे आपण विचारूच शकत नाही.

तर यंत्राकडे येऊ. आपल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो, ओट्याखाली, मोरीत, उंबऱ्याच्या आत साचतो. जुन्या वाड्यात स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली असेल तर तिथं तो बसून राहतो. म्हणून वास आल्यावर नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार सताड उघडायचं. बटणाला हात लावायचा नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करायचा, तो काढून सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवायचं, बाहेर यायचं आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. गळती शोधायला साबणाचं पाणी, काडी कधीच नाही. हसू नका, काडी लावून बघणारे शिकलेले पुरुष मी पाहिले आहेत.

नळी बाजारातली साधी रबरी घेऊ नका. आत तारेची जाळी असलेली, नारंगी रंगाची, आयएसआयची खूण असलेली घ्या. ती पाच वर्षांनी बदलायची, वर तारीख छापलेली असते. वितरकाच्या माणसानं पाच वर्षांतून एकदा घरी येऊन तपासणी करायची असते. तो आला नाही तर आपण मागायची, लेखी मागायची आणि पावती ठेवायची.

आता पाइपच्या गॅसबद्दल, कारण तुमच्यापैकी काहींच्या लेकी पुण्या-मुंबईला दिल्या आहेत आणि आपल्या जिल्ह्यातही तो येऊ लागला आहे. दाभोळहून बंगळुरूला जाणारी मोठी वाहिनी २०१३ साली सुरू झाली, ती कोल्हापूर जिल्ह्यातूनच गेली आहे. पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, गळला तर वर छताकडे जातो. म्हणून त्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूला हवा जायला वाट हवी. ती झरोका बुजवून आपण देवाचं कपाट करतो! शेगडीही तीच चालत नाही, तिचे जेट बदलावे लागतात. पाइपासाठी बदललेली शेगडी गावाकडे आणून पुन्हा सिलिंडरला जोडली तर ज्योत फार मोठी येते. मुलीनं जुनी शेगडी पाठवली म्हणून आनंदानं जोडू नका, आधी दाखवून घ्या.

आणि एक नवीन खूळ निघालं आहे. ट्रॉलीचं स्वयंपाकघर करताना सुतारच सिलिंडर बाहेर ठेवून भिंतीतून तांब्याची नळी आत आणून देतो. भिंतीत पुरलेली नळी कुठं गळते ते दिसत नाही. लाइन टाकणं, जोड मारणं, गळती तपासणं हे शिकलेल्या अधिकृत माणसाचं काम आहे. स्वस्तात झालं म्हणून सुताराचं, नळवाल्याचं घेऊ नये.

पण अधिकृत माणूस येतो तेव्हा काय होतं? मी भाड्याच्या घरात राहत असताना माझ्याकडे असा एकजण आला होता. अर्जावर सही घरमालकाची. दारात मी उभी. त्यानं विचारलं, "साहेब नाहीत का? त्यांना समजावून सांगायचं होतं." मी म्हटलं, साहेब नाहीत, स्वयंपाक मी करते, मला समजावा. तो लाजला, पण मग नीट दाखवलं. मीटरजवळची चावी कुठली, शेगडीजवळची कुठली, घर बंद करून गावाला जाताना कुठली फिरवायची. दहा मिनिटांचं काम होतं. ती दहा मिनिटं मागून घ्या. ओळखपत्र बघितल्याशिवाय आत घेऊ नका. एकटं वाटत असेल तर शेजारणीला बोलवा, दोघी शिकाल.

मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत जोडणी बाईच्या नावावर मिळते, ही चांगली गोष्ट झाली. बाकी घरांत मात्र पुस्तक नवऱ्याच्या, नाहीतर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर पडून आहे. ते बदलून घ्या. हे सांगते आहे त्याला कारण विमा. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो, आपल्याला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत. अपघात झाल्याबरोबर वितरकाला लेखी कळवायचं. त्या भाजलेल्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इथं मला तुमच्या वाडीचा एक अवघड विषय काढावा लागतो. इथं कित्येक घरांत यात्रेकरूंची जेवणं होतात, बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी होते. संसार त्यावर चालतात. आणि ते सगळं घरगुती सिलिंडरवर. तो नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. मी तुम्हाला दमदाटी करायला आले नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर एकटीला परवडत नाही हे मला दिसतं. पण गट तुमचा आहे, बचत तुमची आहे, चार-पाच जणींनी मिळून एका जागी एक जोडणी घेता येईल का, याचा हिशेब मांडून बघा. पौर्णिमेच्या गर्दीत अरुंद खोलीत तीन शेगड्या पेटतात, तेव्हा जीव कुणाचा पणाला लागतो?

आता पूर. तो तुम्हाला मी काय शिकवणार! पाणी उत्तर दारानं येऊन पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा आपण स्नानाला जातो. तेच पाणी घरात आलं की काय होतं ते २००५, २०१९ आणि २०२१ साली तुम्ही भोगलं आहे. एवढंच लक्षात ठेवा, भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. त्याचं वजन तीसएक किलो, पण पाणी तो त्याहून जास्त बाजूला सारतो. नळी जोडलेली असेल तर ती ओढून तुटते. घर सोडताना रेग्युलेटर काढा, टोपण बसवा, सिलिंडर उभाच ठेवून खांबाला दोरीनं बांधा. परत आल्यावर गाळात बुडालेला रेग्युलेटर आणि नळी धुऊन वापरू नका, वितरकाकडून तपासून घ्या. पूरग्रस्तांना तांदूळ, चादरी वाटणाऱ्यांनी किटमध्ये नळी का घातली नाही, असं मला २०१९ मध्ये वाटलं होतं. आपल्याच संघटनेच्या यादीतही ती नव्हती, हेही कबूल करते.

शेवटी पंचनाम्याकडे परत येते. शेजारी कुणी भाजली तर आधी थंड वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई काही नाही. तिला दवाखान्यात पाठवा आणि तुमच्यातली एक तिथंच थांबा. धोका टळला की पोलीस येईपर्यंत स्वयंपाकघर कुणाला धुऊ देऊ नका. रेग्युलेटर चालू होता की बंद, शेगडीचं कुठलं बटण फिरलेलं होतं, नळी कुठं फाटली, वास शेजाऱ्यांना आला होता का, पडदा-भांडी-छताला झळ लागली की एकट्या तिलाच, घासलेटाचा वास येतो का, हे बघून लिहून ठेवा. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना मृत्यू झाला असेल तर दंडाधिकाऱ्यांकडून चौकशीचा आग्रह धरा. ती बोलू शकत असेल तर तिचा जबाब घेताना सासरची माणसं खोलीत नकोत, हे डॉक्टरांना ठणकावून सांगा. आणि खरंच नळी फाटल्यानं अपघात झाला असेल तर बदलायला तिनं कधी सांगितलं होतं, पैसे कुणाच्या हातात होते, तेही त्या कागदावर आलं पाहिजे.

बास. पुढच्या टेबलावर एक शेगडी, रिकामा सिलिंडर, रेग्युलेटर आणि कापलेली जुनी नळी ठेवली आहे. बादलीत साबणाचं पाणी आहे. मघाच्या अक्का, पहिल्यांदा तुम्ही या. रेग्युलेटर काढून दाखवा बघू.