"वडील काय करतात?" – मुलाखतीतला एक प्रश्न

कुणी बसमध्ये असाल, कुणी पीजीच्या खोलीत कपडे वाळत घालत असाल. आज एका साध्या प्रश्नाबद्दल बोलूया. नोकरीच्या मुलाखतीत तुम्हालाही तो विचारला असेल. "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?"

पुण्यात माझ्या पहिल्या मुलाखतीत मी उत्तर दिलं, "शेती करतात." खोटं नव्हतं ते. बीड जिल्ह्यात आमचं दोन एकर कोरडवाहू रान आहे. पण दिवाळी झाली की आई-बाबा ऊसतोडीला जायचे. पाच-सहा महिने तिकडेच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. म्हणजे हिशेबाच्या वहीत माझे आई-बाबा दोन माणसं नव्हती, एक कोयता होता. मी गावात आजीपाशी राहून शिकले.

हे सगळं मी 'शेती' या दोन अक्षरांत बसवलं. समोरचे सर म्हणाले, "अरे वा, बागायतदार!" मी हसले. नोकरी मिळाली.

मग सवयच लागली. ऑफिसात आईचा फोन आला की मी जिन्यात जायचे. ती विचारणार, "काय करायलीस?" आणि मीही तशीच बोलणार, ते डेस्कवर कुणाला ऐकू जायला नको. लहानपणी सुट्टीत कुठे जायचो, अशा गप्पा निघाल्या की मी चहा आणायला उठायचे. मला कुणी त्रास दिला असं नाही हां. मीच माझी गोष्ट थोडी थोडी कापत गेले.

आता खरी गोष्ट. चार वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे बसले, मुलाखत घ्यायला. परभणीकडचा एक मुलगा आला होता. कामाची उत्तरं चोख. बोलता बोलता म्हणाला, "सध्या एक कोर्स करायलोय." माझे दोन सहकारी एकमेकांकडे बघून किंचित हसले. आणि मी काय केलं? मी विचारलं, "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "शेती."

त्याचे वडील खरंच शेती करत असतील, मला माहीत नाही. पण ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. तरी फॉर्मवर मी लिहिलं, 'कम्युनिकेशन कमी. टीममध्ये फिट होईल का, शंका.' त्याला घेतलं नाही.

मी असं का केलं, यावर खूप विचार केला. मला वाटतं, मला भीती होती. त्याची बाजू घेतली असती तर कुणीतरी विचारलं असतं, तुला का एवढा पुळका? मग माझं 'शेती' उघडं पडलं असतं. आपण स्वतःची गोष्ट लपवली की दुसऱ्याची तशीच गोष्ट समोर आली तरी आपल्याला नकोशी होते.

हे फक्त माझ्या डोक्यातलं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी २००५-०६ मध्ये खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं असलेल्या अर्जांत फक्त नावं वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. २००७ मध्ये हा अभ्यास छापून आला. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर मॅनेजरांशी बोलून पाहिलं. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं म्हणणारी हीच मंडळी उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड'ही महत्त्वाची मानत होती. वाईट हेतू असेलच असं नाही. पण ज्याच्या घरात आधीच कुणी ऑफिस पाहिलंय, त्याला या प्रश्नाचे जास्तीचे मार्क मिळतात.

काही महिन्यांनी मी मॅनेजरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आधी सांगायचं ना!" मी विचारलं, "आधी सांगितलं असतं तर घेतलं असतं का मला?" तो पटकन 'हो' म्हणाला नाही. ते मला आवडलं. मग आम्ही बसलो.

आता आमच्या टीममध्ये घरचा प्रश्न विचारत नाही. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. ग्राहकाची एक तक्रार देतो आणि फोनवर उत्तर द्यायला लावतो. मार्क आधी प्रत्येकाने वेगवेगळे लिहायचे, चर्चा नंतर. आणि 'कम्युनिकेशन कमी' लिहिलं तर ग्राहकाला नेमकं काय समजलं नसतं, तेही लिहायचं. या शेवटच्या अटीमुळे तो शेरा बराच कमी झालाय.

एक मात्र सांगते. 'आपली गोष्ट सांगा' म्हणून कुणाला ऑफिसच्या कार्यक्रमात उभं करू नका. सांगायची की नाही, कधी, कुणाला, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि फॉर्म तसाच राहिला, तर काय उपयोग? गोष्टीने फॉर्म बदलला पाहिजे.

आईचा फोन मी आता डेस्कवरच घेते. कधी कधी अजून आवाज आपोआप खाली जातो.

आणि तो मुलगा? त्याला 'पुढे संधी आली तर कळवू' असा मेल गेला होता. आम्ही कळवलं नाही. उद्या तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसलात आणि समोरचा असा क्षणभर थांबला, तर फॉर्मवर काही लिहिण्याआधी तुम्हीही जरा थांबा.

भेटूया पुढच्या भागात.