गोल्फचे मैदान कोणाचे?

(नागझिऱ्याजवळ भरलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



जंगलाला लागून राहणाऱ्या तुम्हा मंडळींपुढे मी गोल्फविषयी बोलणार, याचे तुम्हांला नवल वाटेल. धानाच्या भावाचा प्रश्न सोडून हा श्रीमंतांचा खेळ कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु पिटेझरी आणि चोरखमाऱ्याची फाटके रोज पाहणाऱ्यांना फाटकाचे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागत नाही. जमीन सर्वांची; आत कोणी जायचे हे ठरवणारा मात्र वेगळाच. गोल्फचा प्रश्नही नेमका हाच आहे.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे या खेळाचे माहेर मानले जाते. तेथील समुद्रकाठच्या सामाईक जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत नमूद आहे. १८९४ च्या कायद्याने नगरपालिकेला ती जमीन घेता आली. १९७४ च्या कायद्याने तिच्या व्यवस्थेसाठी सार्वजनिक विश्वस्त मंडळ आले. तेथील सर्वांत जुन्या मैदानावर रविवारी सहसा खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह तेथे फिरतात.

आपल्याकडे हा खेळ इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आला. साहेब गेले, कुंपण राहिले. काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी मात्र गरिबाघरचाच असतो. दिल्लीत कॅडी म्हणून राबलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. कोलकात्यातील मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने ती २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. श्रमिक म्हणून का होईना, आत शिरता आले म्हणून त्यांचे गुण दिसले. ज्यांना आत शिरताच आले नाही, त्यांची गणती कोण करणार?

दिल्ली विकास प्राधिकरणाने २००० साली लाडो सराय येथे शुल्क भरून कोणालाही खेळता येईल असे मैदान सुरू केले. सिडकोने खारघरला सुमारे १०३ हेक्टरांवर मैदान उभारले. परंतु मालकी सार्वजनिक झाली म्हणजे उपभोग सार्वजनिक होतोच असे नाही. मालगुजारी कायद्याने गेली, तरी तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत जाते हे पाहावेच लागते! खेळाचे शुल्क मजुराच्या रोजीच्या किती पट आहे, हाच येथे खरा मापदंड होय. नाममात्र भाड्याने क्लबाला दिलेली सरकारी जमीन म्हणजे अर्थसंकल्पात न दिसणारे श्रीमंतांचे अनुदान असते.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. नव्या मैदानासाठी जंगल, गायरान वा शेतजमीन एक गुंठाही देता कामा नये. जी मैदाने सरकारी जमिनीवर आहेतच, तेथे सभासदत्वाविना स्वस्त दैनिक तिकीट मिळावे; कॅडींना व वस्तीतील मुलांना विनाशुल्क सराव करता यावा; आठवड्यातून एक दिवस फाटक सर्वांना खुले असावे. भाडेपट्ट्याचे नूतनीकरण होईल तेव्हा याच अटी घालाव्यात. शहरात पडीक सरकारी जागा असेल, तर नऊ होलांचे छोटे मैदान पुरते. अठरा होलांना लागते त्याच्या निम्म्याच जमिनीत ते बसते.

श्रमिकाला भाकरी हवी, तशी विसाव्याची हिरवळही हवी. ती मागताना संकोच कशाला?