आधी वैरण, मग चंदी



इ. स. १६७४ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील लष्करी तळावरच्या अंमलदारांना एक पत्र धाडले. रयतेला उपद्रव देऊ नये, ही त्यातील ताकीद सर्वश्रुत आहे. परंतु त्या पत्रात दाणावैरणीच्या हिशेबालाही मोठे स्थान आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा व गवत आधीच मनास येईल तसे उधळले, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष अंमलदारांवर येईल, असे महाराजांनी त्यात बजावले आहे. गवताच्या गंजीजवळ दिवा नसावा, उंदराने पेटती वात ओढून नेली तर सारी वैरण जळेल, इथपर्यंत त्यांची नजर पोहोचली होती. घोड्याची ताकद तोबऱ्यात आणि गंजीत असते, हे ज्याने ओळखले त्याचेच घोडदळ टिकले.

आज घोडदळाचा काळ सरला. पण घोड्याचे कष्ट सरलेले नाहीत. मोटारगाड्यांना मज्जाव असलेल्या माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पर्यटक आणि सामान वाहणारी घोडी अनेक कुटुंबांची पोशिंदी आहेत. धनगरांचे वाडे स्थलांतर करतात तेव्हा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील ज्या भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून अधिकृत नोंदणी मिळाली आहे, तो याच कष्टाचा वारसदार होय. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे घोडी धावते. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचा रंग पाहते, चाल पाहते, अंगावरचे भोवरे मोजते. तो काय खातो आणि किती खातो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या शर्यतमैदानावरील घोड्यापाशी पशुवैद्य आणि जाणकार सेवक असतात. भाड्याने घोडा चालवणाऱ्या मालकापाशी असतो तो केवळ ऐकीव अनुभव. पुष्कळदा कर्ज काढून घेतलेला त्याचा घोडा एका रात्रीच्या पोटशूळाने मरतो आणि सकाळी त्या घराची मिळकत थांबलेली असते. अशा अनेक आपत्तींचे मूळ एका समजुतीत आहे: दाणा जितका जास्त, तितका घोडा बळकट. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे.

पोटाची घडण

गाय-बैलाच्या जठराला चार कप्पे असतात. ही जनावरे भराभर चरतात व मग रवंथ करतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याला एकच जठर असते आणि तेही शरीराच्या मानाने लहान. ५०० किलो वजनाच्या घोड्याच्या जठरात ८ ते १५ लिटरच मावते. उलट त्याचे मोठे आतडे व आंधळे आतडे मिळून १०० लिटरांहून अधिक सामावून घेतात. तेथे असंख्य सूक्ष्म जीव गवतातील तंतू आंबवून त्यापासून ऊर्जा तयार करतात. थोडक्यात, घोड्याचा देह दिवसभर थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडलेला आहे.

एकाच वेळी पुष्कळ धान्य पोटात गेले, तर त्यातील पिष्ट लहान आतड्यात पुरते पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, उपयुक्त सूक्ष्म जीव मरतात. त्यातून पोटशूळ उद्भवतो किंवा खुरांच्या आतील भागाला दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होतो. घोड्याला उलटी करता येत नाही. चुकीचे खाणे एकदा आत गेले की त्याला माघारीची वाट नाही. शिवाय त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, आणि ते सौम्य करणारी लाळ केवळ चघळतानाच सुटते. म्हणून पाच-सहा तासांहून अधिक काळ वैरणीवाचून ठेवलेल्या घोड्याच्या जठरात व्रण पडण्याचा धोका संभवतो.

वैरण किती, चंदी किती

प्रमाण ठरवण्यासाठी आधी वजन माहीत हवे. काटा नसला तरी साधी मोजपट्टी पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजावा आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. मापे सेंटिमीटरमध्ये असली की उत्तर किलोमध्ये मिळते. घेर १५६ आणि लांबी १४६ असेल, तर वजन सुमारे ३०० किलो भरते. शाळेतील मुलांनाही हे गणित सहज जमेल.

कष्ट करणाऱ्या घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला ६ ते ७.५ किलो. त्यापैकी किमान ४.५ किलो वैरणच असावी. हिरव्या गवतात तीनचतुर्थांशाहून अधिक पाणी असते. म्हणून २० किलो हिरवे गवत म्हणजे चार-पाच किलोच कोरडी वैरण, हा हिशेब विसरू नये.

वैरणीने भागत नाही तेवढ्यापुरतीच चंदी द्यावी. जव, ओट, भिजवलेले हरभरे ही जुनी व चांगली धान्ये आहेत. मात्र ३०० किलोच्या तट्टाला एका वेळी एक किलोहून अधिक चंदी देऊ नये. अधिक लागल्यास दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी. हरभऱ्यातील प्रथिने स्नायूंची झीज भरून काढतात. पण धावण्याचे इंधन म्हणून ती महाग व गैरसोयीची. जास्त प्रथिने खाणाऱ्या घोड्याची लघवी वाढते आणि तबेल्यात उग्र दर्प सुटतो. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा पोसणेही घातक आहे. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि चुना अगदी अल्प असतो. तो तोल बिघडला की शरीर हाडांतील चुना ओढून घेते, चेहऱ्याची हाडे सुजतात आणि पाय दुखू लागतात. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा विकार जडत असे. चुन्याने समृद्ध असा लसूणघास थोड्या प्रमाणात दिल्यास हा तोल सावरतो.

कोणताही नवा आहार सात ते चौदा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. कष्टाच्या कामापूर्वी तीन तास चंदी देऊ नये. काम संपल्यावर आधी पाणी, मग वैरण आणि घोडा शांत झाल्यावर चंदी, असा क्रम ठेवावा.

पाणी आणि मीठ

घामाने निथळणाऱ्या घोड्याला पाणी देऊ नये, हा समज अजूनही रूढ आहे. आजचे ज्ञान याच्या उलट सांगते. घोड्याच्या एक लिटर घामाबरोबर सुमारे १० ग्रॅम क्षार निघून जातात. त्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असतो. त्यामुळे अंगातील पाणी कमी होऊनही त्याला पुरेशी तहान लागत नाही. काम थांबताच स्वच्छ पाणी समोर ठेवावे आणि पिऊ द्यावे. ३०० किलोच्या तट्टाला थंड हवेत विश्रांतीच्या दिवशीही १५ लिटरांच्या आसपास पाणी लागते. उन्हात व कष्टात ही गरज दुपटीहून अधिक होते. रोज सुमारे १५ ग्रॅम साधे मीठ आहारात असावे आणि घामाच्या दिवशी ते ३० ग्रॅमपर्यंत वाढवावे. मीठ दिले की पाणी मुबलक हवेच.

सुटीच्या दिवसाचा धोका

हंगाम संपतो, पाऊस लागतो किंवा एखादा दिवस गिऱ्हाईक नसते. घोडा उभा असतो, पण चंदी मात्र नेहमीचीच पडते. दुसऱ्या दिवशी काम सुरू होताच त्याचे पुठ्ठे दगडासारखे ताठरतात, तो थरथरतो, लघवी काळपट-तांबूस होते. रविवारी सुटी मिळणाऱ्या गाडीच्या घोड्यांत हे सोमवारी दिसे, म्हणून या विकाराला सोमवारचा आजार असेच नाव पडले. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी किंवा त्याहून कमी करावी, वैरण मात्र पूर्ण द्यावी.

पावसाळ्यात बुरशी धरलेली वैरण किंवा मका घोड्याला कदापि घालू नये. बुरशीच्या मक्यातील विष घोड्याच्या मेंदूवर आघात करते. कोवळी हिरवी ज्वारीही टाळावी. कोंबड्यांच्या व गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. कोंबड्यांना ते मानवते, पण घोड्याच्या हृदयाला अत्यल्प प्रमाणातही ते प्राणघातक ठरते. दुसऱ्या जनावराचे खाद्य स्वस्त मिळाले म्हणून घोड्यापुढे टाकणे, हा फार महागडा व्यवहार होय.

घोडा वारंवार कुशीकडे पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला, लीद थांबली, तर तो पोटशूळ समजावा. खाणे तत्काळ काढून घ्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे. बाटलीने तेल किंवा काढा बळेच पाजू नये. तो फुफ्फुसात उतरून घोडा दगावू शकतो.

गावाने करण्याजोगे

घोड्याचा आहार ही एकट्या मालकाची बाब नाही. घोड्यांच्या थांब्यावर पाण्याचा स्वच्छ हौद बांधणे, वैरणीसाठी ओल न लागणारी सामाईक कोठी उभारणे, पावसाळ्यापूर्वी चारा एकत्रित खरेदी करणे, ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांनी हंगामाच्या आरंभी घोड्यांची वजने, दात व खूर तपासण्याचा दिवस ठरवावा. दात झिजून टोकदार झाले तर उत्तम वैरणही चघळली जात नाही. शिक्षकांनी मोजपट्टीचे गणित वर्गात घ्यावे, कारण अनेक घरांत घोड्यापुढे वैरण टाकण्याचे काम मुलांकडेच असते.

या कामांना मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो. चिपळूणच्या अंमलदारांना साडेतीनशे वर्षांपूर्वी मिळालेली आज्ञाही तीच होती: साठा मोजून ठेवा आणि मोजून वापरा. ती पाळली गेली, तर पुढच्या पावसाळ्यात अनेक घोडी वाचतील आणि त्यांच्या कष्टावर चालणाऱ्या घरांच्या चुली पेटत्या राहतील.