प्रवाळांच्या अंगणात



समुद्रात बुडी मारणे म्हटले की मोत्यांसाठी जीव पणाला लावणारा पाणबुड्या आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आज आपण अशा बेटाचा विचार करणार आहोत, की जेथे बुडी हा धाडसाचा नव्हे, तर निवांतपणाचा छंद झाला आहे. हा निवांतपणा आला कोठून, हाच आपला आजचा प्रश्न.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस, कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचे डच बेट आहे. वारा बहुधा पूर्वेचा. त्यामुळे पश्चिम किनारा शांत. तेथे रस्त्याच्या कडेला पिवळे रंगविलेले दगड आहेत व त्यांवर बुडीच्या जागांची नावे आहेत. गाडी उभी करावी, हवेची टाकी पाठीवर घ्यावी आणि नदीच्या घाटावर उतरावे तसे पाण्यात शिरावे. थोडे पोहून गेले की तळ उतरणीला लागतो आणि प्रवाळांची वस्ती सुरू होते.

हे शक्य झाले एका झडपेमुळे. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां या दोघांनी ती सिद्ध केली. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती प्रत्येक श्वासाला पुरविते. दहा मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो उतरतो आणि फुप्फुसांतील हवा फुगते. म्हणून श्वास कधीही कोंडू नये. प्राणायाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की येथे कुंभक वर्ज्य आहे!

आपण अंगठीत पोवळे घालतो, म्हणून प्रवाळ म्हणजे खडा अशी आपली समजूत होते. वास्तविक ती चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतात. भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास वाढते. म्हणजे नांगराच्या एका घावाने आजोबांच्या वेळचे बांधकाम नष्ट व्हावे!

बोनेरच्या लोकांनी हे वेळीच ओळखले. 1962 साली तेथे आलेला कॅप्टन डॉन स्टुअर्ट आरंभी स्वतः भाल्याने मासे मारीत असे. पुढे तोच प्रवाळांचा कैवारी झाला. 1971 मध्ये भाल्याच्या शिकारीवर बंदी आली, 1975 मध्ये प्रवाळ काढण्यावर, आणि 1979 मध्ये बेटाभोवतीचा समुद्र साठ मीटर खोलीपर्यंत उद्यान म्हणून राखण्यात आला. नांगर टाकणे मना; नावा बांधण्यासाठी कायमची दोरखंडे. 1992 पासून बुडी मारणाऱ्यांकडून शुल्क घेऊन राखणीचा खर्च भागविला जाऊ लागला. पाहुण्याने हातमोजेही घालू नयेत असा दंडक आहे. कारण मोजे असले की हात लावण्याचा मोह होतो! तात्पर्य, तेथील निवांतपणा हे शिस्तीचे फळ आहे.

कोणी म्हणेल, मग चिंता कसली? चिंता अशी, की उष्णतेला कुंपण अडवीत नाही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानापेक्षा पाणी अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळातील शैवाले निघून जातात, ते पांढरे पडते आणि अखेर उपाशी मरते. 2023 साली कॅरिबियन समुद्र असाच तापला. त्याच वर्षी प्रवाळांच्या एका घातक रोगाने बोनेर गाठले. आता बुडीनंतर साहित्य निर्जंतुक करून घ्यावे लागते, कारण पाहुणाच रोग वाहून नेण्याची भीती! घराची निगा मालकाने राखावी, पण आग गावाने लावलेली असावी, असा हा प्रकार आहे.

आणि हे गाव म्हणजे आपण सर्वच. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. 1987 साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आज आपली मुले सुटीत तेथे बुडी मारावयास जातात. त्यांना पोहणे शिकविण्याबरोबरच पाण्याखाली हात आवरावयास शिकविणे हे आपले काम आहे. पाहावे, आनंदावे आणि काहीही न हलविता परतावे, ही पाहुण्याची रीत आपल्या घरात जुनीच आहे. ती समुद्रापर्यंत न्यावी, एवढीच विनंती.